मोकळ्या गिनी कोंबड्या : भाव काढण्यापूर्वी घट मांडा

मोमिनपुरा, टेका, हसनबाग आणि कामठी या भागांतील बऱ्याच बांधवांनी अलीकडे आमच्याकडे एका जोडधंद्याविषयी चौकशी केली आहे. कोणाची कुहीकडे वडिलोपार्जित तीन-चार एकर जमीन पडून आहे, कोणी काटोल-कळमेश्वरच्या बाजूला संत्र्याची बाग ठोक्याने घेतो, कोणाचे यंत्रमाग महिन्यातून निम्मे दिवस बंद असतात. अशा घरात कोणीतरी येऊन सांगतो की गिनी कोंबड्या पाळा. त्यांना खुराडे लागत नाही, दाणा लागत नाही, औषध लागत नाही, शेतातले किडे खाऊन त्या आपोआप वाढतात. किडे खाण्याचे खरे आहे. बाकीचे तिन्ही अर्धे खरे आहे, आणि अर्ध्या खऱ्यावर पैसा लावणारा बहुधा पहिल्याच वर्षी हात वर करतो.

आम्ही धंद्याने कापडवाले. परंतु घट म्हणजे काय, हे कापडवाल्याला शिकवावे लागत नाही. कोरे कापड धुलाईला गेले की आटते. ताक्याचा भाव सांगण्यापूर्वी जो ही घट धरतो तो बाजारात टिकतो. जो नंतर धरतो तो ग्राहकाशी भांडत बसतो. मोकळ्या कोंबड्यांच्या धंद्यातली घट म्हणजे मुंगूस, रानमांजर, कुत्रे, घार आणि घूस. लोक तिला अपघात समजतात. वास्तविक ती रोजची आहे, ठरलेली आहे आणि तिचा हिशेब पहिले पिल्लू विकत घेण्यापूर्वी होऊ शकतो.

पक्षी कसा आहे

गिनी कोंबडी मूळची आफ्रिकेची. अरबीत तिला दजाजे हबशी, म्हणजे हबशी कोंबडी म्हणतात. राखी अंगावर मोत्यासारखे पांढरे ठिपके, टक्कल पडल्यासारखे डोके आणि त्यावर हाडाचा तुरा. बरेलीजवळ इज्जतनगर येथे १९७९ साली स्थापन झालेल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने आपल्या देशासाठी हिचे तीन वाण तयार केले आहेत: कादंबरी, चितांबरी आणि श्वेतांबरी. पहिला मोतिया ठिपक्यांचा, दुसरा फिकट जांभळट राखी, तिसरा पांढरा. बारा आठवड्यांत पक्षी साधारण ९०० ग्रॅम ते एक किलो भरतो. म्हणजे ब्रॉयलरच्या मानाने वाढ अगदी सावकाश. मादी आठव्या महिन्याच्या सुमारास अंड्यावर येते, तेही बाराही महिने नव्हे; मार्च ते सप्टेंबर हा तिचा हंगाम आणि चांगल्या निगेत हंगामाला १०० ते १२० अंडी. अंडे लहान, चाळीस ग्रॅमच्या आसपास, पण कवच जाड, त्यामुळे उन्हाळ्यात टिकते. कोंबडीचे अंडे २१ दिवसांत फुटते, हिचे २६ ते २८ दिवस घेते. हा पाच-सात दिवसांचा फरक लक्षात ठेवावा, पुढे त्याची किंमत कळेल.

नर-मादी ओळखण्यात नवखा माणूस फसतो, कारण दोघे दिसायला सारखेच. नर एकाच तुटक स्वरात ओरडतो, मादी दोन स्वरांची हाक वारंवार देते. ही हाक मोठी कर्कश असते. म्हणून मोहल्ल्यात, गच्चीवर किंवा दाट वस्तीत हा पक्षी पाळू नये. शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनमध्ये किती मोठा आहे हे वाचकांना सांगण्याची गरज नाही, आणि फज्रच्या आधीपासून तीस पक्षी ओरडू लागले तर शेजारी फार दिवस हसून बोलणार नाही. शेतावर मात्र हाच आवाज कामाचा. साप दिसला, परका माणूस आला, कुत्रा कुंपणाशी हुंगू लागला की सगळा कळप एकदम गलका करतो. पण गलका म्हणजे बचाव नव्हे. राखणदार ओरडेल, दार लावणारा माणूस तिथे हवा.

शाफई फिकहच्या जुन्या ग्रंथांत या पक्ष्याचा एक मसला येतो. आमच्या कोकणी बांधवांना तो आवडेल. एहराममध्ये शिकार मना आहे, पाळीव कोंबडी जिबह करणे मना नाही. मग हबशी कोंबडी कशात धरायची? फुकहांनी तिला शिकारीच्या पक्ष्यांत धरले. कारण असे की ती घरांशी रुळते खरी, पण जीव वाचवायला उडून जाते. शेकडो वर्षांपूर्वीच्या आलिमांनी या पक्ष्याचा स्वभाव एका मसल्यात पकडला आहे. तो घरचा आहे आणि घरचा नाही. धंद्याची सगळी गंमत आणि सगळा धोका यातच आहे.

सूर्य मावळला की हा पक्षी उंच झाडावर जाऊन बसतो. बसल्यावर त्याला अंधारात नीट दिसत नाही. रात्री घुबडाने किंवा रानमांजराने एकाला उठवले की बाकीचे घाबरून खाली पडतात आणि पुन्हा वर जाऊ शकत नाहीत. दुसरा धोका याहून मोठा आहे. मादी गवतात, कुंपणाच्या काट्यांत लपवून घरटे करते. एकाच घरट्यात दोन-तीन माद्या अंडी घालतात आणि मग एक जण त्यावर खुडूक बसते. नर झाडावर सुरक्षित, मादी मात्र २६ ते २८ रात्री जमिनीवर. त्यातली एखादीच रात्र पुरते. म्हणून मोकळ्या कळपात वर्षाअखेर मोजदाद केली तर नर जास्त आणि माद्या कमी निघतात. मालकाला वाटते की पक्षी तर दिसताहेत, फार काही गेले नाही. अंडी देणारे गेलेले असतात.

चोर कोण, आणि कोणत्या वेळेचा

नागपूरच्या चारी बाजूंना रान आहे. उत्तरेला पेंच, दक्षिणेला उमरेड-कऱ्हांडला, पश्चिमेला बोर, आणि शहराला लागूनच गोरेवाडा. मे २०२१ मध्ये बिबट्या आयटी पार्क आणि गायत्रीनगरच्या वस्तीपर्यंत आला होता, हे वाचकांना आठवत असेल. तरीही बिबट्याचे नाव घेऊन घाबरण्यात अर्थ नाही. कोंबड्यांचा धंदा बिबट्यामुळे क्वचितच बसतो. तो बसतो गावातल्या मोकाट कुत्र्यांमुळे. कुत्रे भुकेने कमी आणि खेळाने जास्त मारतात. दहा पक्षी फाडतात आणि एकही पुरता खात नाहीत. सकाळी पिसे सगळीकडे पसरलेली आणि पक्षी जागेवरच पडलेले असतील तर रानात चोर शोधू नका, गावात शोधा.

मुंगूस रात्री येते असा पुष्कळांचा समज आहे. आपल्याकडचे करडे मुंगूस दिवसाउजेडी फिरते. घरट्यावर बसलेली मादी, अंडी आणि लहान पिल्ले ही त्याची आवडती शिकार, आणि मानेवर-डोक्यावर चावा ही त्याची खूण. म्हणजे जो माणूस फक्त रात्री दार लावून निश्चिंत होतो, त्याच्याकडे मुंगूस दुपारी दोन वाजता येऊन जाते. रानमांजर दिवेलागणीला आणि पहाटे फिरते. ते एकेक पक्षी उचलून नेते, आणि थोड्या अंतरावर झुडपापाशी पिसांचा पुंजका सापडतो. उदमांजर रात्रीचे, झाडावर सहज चढणारे. घूस पिल्लांची वैरी. जमीन पोखरून आत येते आणि पिल्ले नाहीशी होतात. साप अंडी आख्खी गिळतो, म्हणून टरफलसुद्धा मागे राहत नाही. कावळा अंडे फोडून टरफल तिथेच टाकतो. घार आणि शिक्रा ऐन उन्हात उघड्यावरचे पिल्लू उचलतात. मोठ्या गिनीच्या वाटेला ते सहसा जात नाहीत. ज्याने या खुणा ओळखल्या त्याला कोणत्या भोकाला जाळी लावायची हे कळते, नाहीतर माणूस बिबट्याच्या भीतीने उंच कुंपण घालतो आणि खालून घूस येतच राहते.

आता हिशेब

भाव गावागणिक आणि हंगामागणिक बदलतात. म्हणून पुढचे आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी आहेत. वाचकांनी आपापले आकडे घालावेत. समजा १०० पिल्ले प्रत्येकी ६० रुपयांना घेतली. पहिल्या महिन्यात गारठा, ओल आणि चेंगराचेंगरीत २० गेली. तोवर प्रत्येकावर २० रुपयांचा दाणा झाला होता, म्हणजे प्रत्येकी ८० प्रमाणे १,६०० रुपये बुडाले. उरलेली ८० बारा आठवड्यांपर्यंत नेली. त्यांचा दाणा प्रत्येकी १४० रुपये धरला तर पक्षी २०० ला पडला, ८० पक्ष्यांचे १६,०००. एकूण खर्च १७,६००. सगळे ८० प्रत्येकी ३५० ला विकले तर २८,००० येतात आणि १०,४०० सुटतात.

आता विक्रीच्या आदल्या आठवड्यात एका रात्री कुत्रे शिरले आणि १५ पक्षी गेले असे धरा. ६५ पक्ष्यांचे २२,७५० येतील, सुटतील ५,१५०. पाचातला एकही पुरता गेला नाही आणि नफा निम्मा झाला. तीस गेले तर ५० पक्ष्यांचे १७,५०० येतात, म्हणजे मुद्दलातच शंभर रुपयांची खोट. आणि यात मजुरी धरलेली नाही, खुराडे धरलेले नाही. पहिल्या महिन्यात वीस पिल्ले मेली तेव्हा सोळाशे गेले, तयार झालेले पंधरा गेले तेव्हा सव्वापाच हजार गेले. रंगाई-छपाई होऊन बांधून ठेवलेला माल जळण्यात आणि कोऱ्या सुताची गुंडी जळण्यात जो फरक, तोच हा. शिकारी जनावर बहुधा तयार माल नेते. अंड्यावर आलेली मादी गेली तर पुढच्या हंगामाची शंभर अंडीही तिच्याबरोबर गेली.

यावरून जाळीला किती खर्च करावा ते आपोआप ठरते. कित्येक जण इथेच हात आखडतात. पक्ष्यांवर पैसा घालताना उदार आणि जाळीवर घालताना कंजूष, हा प्रकार आम्ही फार पाहिला आहे.

दिवसा मोकळे, रात्री बंद

मोकळे पाळणे याचा अर्थ चोवीस तास मोकळे असा घेऊ नये. दिवसा रान, रात्री खुराडे. खुराड्यात एका मोठ्या पक्ष्याला दोन ते तीन चौरस फूट जागा धरावी. बाजारात कोंबड्यांची म्हणून जी षटकोनी भोकांची पातळ जाळी मिळते ती कोंबडीला आत ठेवते, जनावराला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती दाताने ओढतो आणि लहान मुंगूस भोकातून डोके घालते. जमिनीपासून चार फुटांपर्यंत अर्ध्या इंचाहून मोठे भोक नसलेली जाड तारेची वेल्ड जाळी लावावी. ती फूट-दीड फूट जमिनीत गाडावी आणि गाडलेले टोक बाहेरच्या बाजूला वळवावे, म्हणजे उकरणारे जनावर त्याच्यावरच उकरत बसते. वर छप्पर किंवा जाळी हवीच. कोपरे गोल करावेत, कारण हे पक्षी घाबरले की एका कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालचे गुदमरतात. बसायला आडव्या काठ्या उंचावर द्याव्यात, नाहीतर त्यांचे मन झाडावरच राहील.

अडचण ही की गिनी अंधाऱ्या खुराड्यात शिरत नाही. आत एक दिवा लावावा, पक्षी आत आल्यावर विझवावा. नवे पक्षी आणल्यावर चार ते सहा आठवडे अजिबात सोडू नयेत. त्यांना घर कोणते ते कळू द्यावे. त्यानंतर प्रथम थोडे सोडावेत, बाकीचे आत ठेवावेत. आतल्यांच्या हाकेवर बाहेरचे परत येतात. दाणा सकाळी देऊ नये. असर आणि मगरिबच्या दरम्यान ज्वारी-बाजरीचा दाणा, ठरलेली हाक देऊन, खुराड्याच्या आतच टाकावा. उपाशी पक्षी दाण्यासाठी येतो, पोट भरलेला झाडावर जातो. मगरिबच्या अजानपूर्वी मोजदाद करून दार बंद. ही मोजदाद चुकवू नये; दुकानाचा गल्ला न मोजता कोणी शटर ओढतो काय?

सकाळी फज्रनंतर लगेच दार उघडण्याची घाई नको. पहाटेचे रानमांजर अजून परतलेले नसते आणि गवतावर दहिवर असते. अंड्यांच्या हंगामात तर दुपारपर्यंत आत ठेवणेच बरे; बरीचशी अंडी आतच मिळतात आणि मादीला गवतात घरटे करायचे कारण उरत नाही. मादीने बाहेर घरटे केलेच तर तिथली सगळी अंडी एकदम उचलू नयेत, नाहीतर ती जागा बदलते आणि नवी जागा सापडत नाही.

पंख छाटण्याविषयी बरेच जण विचारतात. एका बाजूचे पंख छाटले की पक्षी कुंपणाबाहेर जात नाही, हे खरे. पण मग कुत्रा मागे लागला तर झाडावरही जाता येत नाही. कुंपण भक्कम आणि कुत्र्यांपासून सुरक्षित असेल तरच छाटावेत.

पिल्लांबद्दल थोडक्यात. गिनी मादी आई म्हणून बेफिकीर. दहिवराने ओल्या गवतातून पिल्लांना फिरवते आणि ती एकेक करून गारठतात. त्याऐवजी खुडूक देशी कोंबडीखाली बारा-पंधरा अंडी ठेवावीत. ती चार आठवडे बसते आणि मुख्य म्हणजे पिल्लांना संध्याकाळी घरी यायला शिकवते. ही सवय आयुष्यभर टिकते आणि पुढची निम्मी डोकेदुखी वाचते. पहिल्या आठवड्यात ३५ अंशांची ऊब, मग हळूहळू कमी. पाण्याचे भांडे उथळ आणि त्यात खडे, कारण पिल्ले बुडून मरतात. कपाशीवर फवारणी झाली असेल त्या शेतात काही दिवस पक्षी सोडू नयेत. मानमोडीची लस आणि इतर औषधांविषयी सेमिनरी हिल्स भागातील नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयात जाऊन विचारावे. हे महाविद्यालय १९५८ पासून आहे.

विष घालू नका

नुकसान झाले की पहिला विचार विषाचा येतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे मुंगूस, रानमांजर, घोरपड, नाग, घार, बिबट्या यांपैकी कोणालाही मारणे गुन्हा आहे. मोकाट कुत्र्याला विष घालणे हाही गुन्हाच. काही जण हदीसचा दाखला देतात की घार, कावळा, उंदीर, विंचू आणि चावरा कुत्रा यांना एहराममध्येही मारण्याची मुभा आहे. मुभा म्हणजे हुकूम नव्हे. शिवाय विष चोराला ओळखत नाही. विषारी मांस शेजाऱ्याची शेळी राखणारा कुत्रा खातो, कधी आपलाच पक्षी टोचतो. जे काम जाळीने होते त्यासाठी जीव घेऊ नये आणि वन खात्याचे दारही दाखवून घेऊ नये. याच कायद्याची आणखी एक बाजू आहे. रानातला तितर विकणे मना आहे. गिनीला तितर म्हणून खपवणाऱ्याने एकाच वेळी ग्राहकाची फसवणूक केली आणि चौकशी ओढवून घेतली.

भागीदारी आणि गफलत

आमच्या बाजारातील वडीलधाऱ्यांपुढे मागे एक तंटा आला होता. एका भावाने शहरातून भांडवल दिले, दुसऱ्याने आपल्या शेतावर मेहनत करायची, नफा निम्मा-निम्मा. एका रात्री बावीस पक्षी गेले. भांडवलवाला म्हणाला, तुझ्या गफलतीने गेले, भरून दे. शेतवाला म्हणाला, मी जाळीसाठी पैसे मागितले होते, तुम्ही म्हणालात जुनीच चालव. मुदारबतीचा नियम सर्वांना ठाऊक आहे: नुकसान भांडवलावर पडते, मेहनत करणाऱ्याची मेहनत जाते, मात्र त्याची गफलत साबित झाली तर तो जबाबदार. आता गफलत कोणाची? दार लावले होते, फाटकी जाळी तशीच होती आणि जाळीचे पैसे नाकारले गेले होते, याला दोन साक्षीदार निघाले. निकाल शेतवाल्याच्या बाजूने गेला. साक्षीदार नसते तर गरीब माणूस कर्जात गेला असता आणि दोन घरांचे बोलणे बंद झाले असते.

सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार करण्याचा हुकूम आहे. आपण ती आयत पाठ करतो आणि भागीदारी चहाच्या टपरीवर तोंडी ठरवतो. या धंद्यात कागदावर निदान एवढे यावे: जाळी कोणती आणि तिचा खर्च कोणाचा, रात्री दार लावण्याची जबाबदारी कोणाची, किती वाजता मोजदाद आणि ती कोणत्या वहीत, पक्षी गेल्यास किती वेळात दुसऱ्याला कळवायचे, आणि काय घडले तर त्याला गफलत म्हणायचे. दोघांचेही भांडवल असेल तर नुकसान भांडवलाच्या प्रमाणात वाटले जाते, तिथे निम्मे-निम्मे म्हणून चालत नाही.

खेड्यांत आणखी एक रीत आहे. पक्षी बटाईने देतात, पाळणाऱ्याला निम्मी पिल्ले. हनफी फिकहमध्ये या रीतीवर आक्षेप आहे. त्यावर सांगितला जाणारा सोपा मार्ग असा की निम्मे पक्षी पाळणाऱ्याला आधी रीतसर विकावेत, मग दोघे मालक होतात आणि वाढही दोघांची. आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारूनच करार करावा.

विक्रीतही हाच स्वभाव आडवा येतो. समजा ढाबेवाल्याने साठ पक्ष्यांचा बयाणा पाठवला आणि आपण फोनवर होय म्हटले. संध्याकाळी साठातले एकोणीस झाडावर राहिले. ताब्यात नसलेली वस्तू विकण्यास हदीसमध्ये मनाई आहे आणि हवेतला पक्षी विकणे जायज नाही असे फुकहांनी स्पष्ट लिहिले आहे. आधी पकडून खुराड्यात घ्यावेत, मोजावेत, मग सौदा पक्का करावा. धंद्याच्या दृष्टीनेही हेच बरे.

जखमी झालेला पक्षी

रानमांजराने किंवा कुत्र्याने धरलेला पक्षी जिवंत सुटला तर काय करावे? सूरह माइदाच्या तिसऱ्या आयतीत हिंस्र जनावराने खाल्लेले हराम ठरवले आहे, जिवंत असताना जिबह केलेले सोडून. म्हणजे पक्ष्यात जीव असताना बिस्मिल्लाह म्हणून जिबह झाले तर हलाल, नाही तर कितीही ताजे असले तरी मुरदार. या एका गोष्टीवर मालकाने डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे. सकाळी मेलेले पंधरा पक्षी पाहून गड्याला मोह होतो की पटकन कापून हॉटेलला देऊ, कोणाला काय कळणार. नुकसान पाच हजारांचे असो की पन्नास हजारांचे, ते मांस मुसलमानाच्या ताटात जाता कामा नये आणि दुसऱ्या कोणाच्या ताटातही फसवून जाता कामा नये. आमच्या मते गड्याला हे आधीच बजावून ठेवावे आणि मेलेला पक्षी दाखवल्यास त्याच्या पगारातून काही कापू नये. कापणार असाल तर तो लपवील.

मेलेले पक्षी कुंपणाबाहेर फेकणे ही दुसरी वाईट सवय. त्या वासावर रोज रात्री नवे जनावर येते. रोगाचे भय वेगळेच. मार्च २०२४ मध्ये नागपूरच्या सरकारी अंडी उबवणी केंद्रात बर्ड फ्लू आढळला आणि तिथले हजारो पक्षी नष्ट करावे लागले. त्याच वर्षी डिसेंबरात गोरेवाड्याच्या बचाव केंद्रातील तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने मरण पावले, आणि संशय त्यांना घातलेल्या कोंबडीच्या मांसावर गेला. जनावरे आपल्या कोंबड्या मारतात हे आपण रोज बोलतो. कोंबडीने वाघ मारल्याचा हा दाखला शहराच्या वेशीवरचा आहे. मेलेला पक्षी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावा, वर दगड ठेवावेत. एकदम अनेक पक्षी जखमेशिवाय मेले तर जनावराला दोष न देता त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

जकातीचा प्रश्न दोघा-तिघांनी विचारला आहे. विकण्यासाठी घेतलेले पक्षी हा तिजारती माल आहे. साल पूर्ण होण्याच्या दिवशी जे शिल्लक असतील त्यांच्या बाजारभावावर, इतर मालाबरोबर, अडीच टक्के. जे त्याआधी जनावराने नेले ते मोजायचे नाहीत. अंड्यांसाठी ठेवलेल्या माद्यांवर जकात नाही, अंड्यांच्या विक्रीतून साठलेल्या रकमेवर आहे.

नवख्याने पहिल्या वर्षी वीस-पंचवीस पक्ष्यांवर थांबावे. पिल्ले ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घ्यावीत, म्हणजे त्यांना रानात सोडण्याची वेळ सोयाबीन निघाल्यानंतर येते. तेव्हा शेतात सांडलेला दाणा असतो, गवत वाळलेले असते आणि लपून येणारे जनावर दुरून दिसते. पिल्लांची मागणी नोंदवण्यापूर्वी खुराडे पुरे करून घ्यावे. मग एका अंधाऱ्या रात्री आत कंदील ठेवून बाहेरून एक फेरी मारावी. जिथून उजेडाची जाड रेघ बाहेर येते, तिथे खडूने खूण करून दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलवावे.